मराठवाड्यात शांत जागा कशी शोधायची: कॅलेंडर, नकाशा आणि घोंगडी

जगातली सगळ्यात शांत जागा कुठली, म्हणून शोधायला गेलं की उत्तरात आधी एक खोली येते. अमेरिकेत रेडमंड इथं मायक्रोसॉफ्टच्या आवारात आवाज गिळणारी खोली बांधली आहे. तिथं उणे २० डेसिबलच्याही खालची पातळी मोजली गेली आणि २०१५ मध्ये तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. शून्य डेसिबल म्हणजे धडधाकट कानाला जेमतेम जाणवणारा आवाज. ही खोली त्याच्याही खाली. आत बसलं की स्वतःच्या अंगातले आवाज ऐकू यायला लागतात म्हणे. असेल. पण चार भिंतींत जाऊन बसण्याला प्रवास म्हणायला माझं मन घेत नाही.

दुसरं उत्तर जास्त कामाचं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात होह नावाचं पर्जन्यवन आहे. ध्वनिमुद्रक गॉर्डन हेम्पटन यांनी २२ एप्रिल २००५ ला तिथल्या शेवाळलेल्या ओंडक्यावर एक छोटा लाल दगड ठेवला आणि निदान या एक चौरस इंचावर माणसाच्या यंत्राचा आवाज येऊ नये, अशी मोहीम धरली. तिथं पाऊस वाजतो, पाखरं ओरडतात, नदी असते. ते सगळं चालतं. विमान आणि गाडी चालत नाही. शांत जागेची त्यांची कसोटी अशी: सलग १५ मिनिटं यंत्राचा एकही आवाज कानावर पडता कामा नये. ऐकायला सोपी वाटते. आज संध्याकाळी आपल्या गच्चीवर लावून बघा.

मराठवाड्याला जंगल थोडं, डोंगर बुटके, वस्ती मात्र पसरलेली. त्यामुळं ‘अमुक ठिकाणी जा, तिथं शांत आहे’ अशी यादी इथं फारशी उपयोगी पडत नाही. तेच ठिकाण सोमवारी गप्प असतं आणि रविवारी जत्रा. म्हणून खाली सांगितलेल्या क्रमात वेळ आधी येते आणि ठिकाण बरंच नंतर.

पहिलं काम: कॅलेंडर उघडा

भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर घ्या आणि आधी नको असलेल्या तारखांवर काट मारा.

शनिवार-रविवार तर सोडाच. श्रावणातले सोमवारही सोडा, कारण आपल्याकडं दरीत, झऱ्याकाठी, झाडीत जिथं निवांत जागा असेल तिथं महादेव असतोच. येडशीचं रामलिंग आणि सौताड्याचा रामेश्वर ही त्याची उदाहरणं. माहूरला नवरात्र आणि दत्तजयंतीच्या आसपास जाऊ नये. ज्या गावाच्या शिवारात जाणार, तिथला सप्ताह, जत्रा, उरूस कधी आहे हे विचारून घ्यावं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि मग डीजे कुठून कुठं ऐकू येईल याला धरबंध राहत नाही. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. कागद चांगला आहे. मुक्काम ठरवताना मात्र त्या कागदापेक्षा गावातल्या मंडपवाल्याला लग्नाच्या तारखा विचारणं बरं.

मग शेतीचं वेळापत्रक. सोयाबीन निघायच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, मळणी यंत्र एका रानातून दुसऱ्या रानात फिरत असतं. ऊसपट्ट्यात कारखान्याचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत तरी चालतं. त्या काळात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर, आणि ट्रॅक्टरवर गाणी. नदीकाठची, कालव्याकाठची गावं हिवाळ्यात टाळा. कोरडवाहू माळाकडं वळा. जिथं पाणी कमी तिथं पाणी उपसायच्या मोटारी कमी, हे मराठवाड्याचं दुखणं या एका कामात उपयोगी पडतं. सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

थ्री फेज लाईट हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शेतीला वीज पाळीनं येते. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात विहिरींवरच्या आणि नदीवरच्या मोटारी रात्री चालतात, माणसं बॅटऱ्या घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, बाहेर पडतात, कुत्री भुंकतात. रात्र काढायची असेल तर दिवसपाळीचा आठवडा निवडा. पाळी विचारायला महावितरणच्या कार्यालयात जायची गरज नाही, गावातल्या कुणाही शेतकऱ्याला तोंडपाठ असते.

आणि एक उलटा दिवसही लक्षात ठेवा. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस (वेळ अमावस्या) असते, सगळे रानात जेवायला जातात. त्या दिवशी शिवारात पाय ठेवायला जागा नसते. भज्जी, आंबील, पाहुणेरावळे, पोरांचा दंगा. साहजिकच त्या दुपारी लातूरच्या बाजारपेठेत दुकानं बंद आणि रस्ते मोकळे असतात. ज्याला डोंगर चढणं जमत नाही त्यानं त्या दिवशी दुपारी गंजगोलाईत चक्कर मारावी. (आणि मग कुणाच्या तरी रानात जेवायला जावंच. शांततेपायी येळवशीचं जेवण सोडणाऱ्या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही.)

दुसरं: नकाशा, आणि थोडं गणित

फोनवर उपग्रहाचा नकाशा लावा. महामार्ग, साखर कारखाना, खडी केंद्र, रेल्वे, जिनिंग यांवर खुणा करा. बीड आणि धाराशिवच्या माळावर पवनचक्क्या आहेत. लांबून त्या देखण्या दिसतात, पण पात्यांचा घुमणारा आवाज जवळपास बसलेल्याचा पिच्छा सोडत नाही. त्याही बघून ठेवा.

आता किती लांब जायचं? उघड्यावर एकाच ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलनं उतरतो. समजा १५ मीटरवर ट्रकचा आवाज ८० डेसिबल आहे. ३० मीटरवर ७४, ६० मीटरवर ६८, असं करत एक किलोमीटरच्या जवळपास तो ४४ वर येतो. दोन किलोमीटरवर ३८, चारवर ३२. म्हणजे पहिल्या किलोमीटरनं जेवढं दिलं तेवढं पुढचे तीन किलोमीटर मिळून देत नाहीत. त्यातही सतत वाहणारा महामार्ग एका ठिपक्यासारखा वागत नाही, रेघेसारखा वागतो, आणि रेघेचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर ३ डेसिबलनंच उतरतो. हवा आणि जमीन आणखी थोडं खातात, पण सपाट माळावर नुसतं लांब जाऊन भागत नाही ते यामुळं.

आडोसा मात्र भागवतो. मध्ये एक टेकडी, घाटाची धार किंवा दरीची भिंत आली की एका फटक्यात १० ते २० डेसिबल कमी होऊ शकतात. म्हणून महामार्गापासून दहा किलोमीटर दूर असलेल्या उघड्या पठारापेक्षा तीन किलोमीटरवरचं खोल लवण, म्हणजे दोन उतारांमधली खोलगट जागा, बरं. बालाघाटच्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत अशी लवणं, ओढ्यांच्या घळी भरपूर आहेत. नकाशावर उंचीच्या रेषा दाखवणारा थर लावला की ती दिसतात. रस्ता आणि तुम्ही यांच्यामध्ये डोंगर येतो का, एवढंच बघायचं.

दुपदरी डांबरी रस्त्यांना फार भिऊ नका. तिथं तासाला मोजक्या गाड्या जातात, आणि १५ मिनिटांची खिडकी सापडते. सतत वाहणारा रस्ता खरा वाईट.

तिसरं: ऊन आणि वारा

पहाटे सगळ्यात शांत असतं असा आपला समज असतो. हिवाळ्यात तो बऱ्याचदा फसतो. निरभ्र, थंड रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची ऊबदार राहते. अशा हवेत वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो. टेकडीच्या आडोशाचाही मग तितका उपयोग होत नाही. डिसेंबरात पहाटे पाच वाजता चार-पाच किलोमीटरवरच्या कारखान्याचा भोंगा उशाशी वाजल्यासारखा येतो, त्याचं कारण हे. शांत असतो तो गाव; दूरचं सगळं जवळ येतं.

ऊन चढून जमीन तापली की गणित उलटतं. खालची हवा गरम, वरची गार. आवाज वर वळून निघून जातो आणि लांबच्या रस्त्याची घरघर विरते. म्हणून हिवाळ्यात सकाळी नऊनंतर, वारं सुटायच्या आत, एक चांगला काळ मिळतो. गड्यांची लगबग त्याच वेळी असते, म्हणून वस्तीपासून जरा दूर.

उन्हाळ्यातली भर दुपार हा मराठवाड्याचा खरा शांत वेळ. एप्रिल-मे, एक ते चार. माणसं सावलीला, गुरं झाडाखाली, पाखरं गप्प. पारा ४२ च्या आसपास असताना उघड्या माळावर जाऊन बसा असं मात्र मी कुणालाही सांगणार नाही. त्या वेळी जायचं ते लेण्यात. दगडाची सावली, पाठीला गार भिंत, सोबत पाणी भरपूर, आणि येण्याजाण्याची चाल सकाळी लवकर आणि संध्याकाळी. वावटळ उठली तर पाचोळ्याचा आवाज येईल, तेवढाच.

पावसाळ्याबद्दल जास्त लिहीत नाही. ओढे, बेडूक, रातकिडे यांचा आवाज फोनच्या मापकावर रस्त्याच्या बरोबरीनं दिसतो. ज्याला तो आवडतो त्याच्यासाठी तीच पर्वणी. वाऱ्याचं मात्र सगळ्या ऋतूंत बघा. रस्ता ज्या दिशेला असेल तिकडून वारं येत असेल तर बेत बदला. चिमूटभर माती सोडून बघितली की दिशा कळते.

चौथं: विचारायचं कुणाला, आणि कसं

गुराख्याला, मेंढपाळाला, नाहीतर आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राहणाऱ्या माणसाला. पण सरळ विचारलं तर उत्तर चुकतं. पाटोदा तालुक्यातल्या एका माळावर मेंढरं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याशी झालेलं बोलणं:

“मामा, रात्री हितं कशाचा आवाज येतो का?”

“कशाचा येतोय? कायबी न्हाई. लई निवांत.”

“खाली ती मोटार कुणाची हाय?”

“ती व्हय? ती धाकल्या पाटलाची. रातची लाईट असली की चालती रातभर.”

“आणि रस्त्याचं?”

“रस्त्याचं तर येतंयच की. त्येला आवाज म्हणत्यात का?”

त्यांचं बरोबर होतं. रोजचा आवाज कान मोजत नाही. म्हणून ‘शांत आहे का’ असं विचारू नका. एकेक गोष्ट नाव घेऊन विचारा: मोटार, बोअरची गाडी कुणाकडं येणार आहे का, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) किती लांब, देवळावर भोंगा आहे का आणि किती वाजता लागतो, कुत्री किती, शेजारी पोल्ट्री आहे का. डीपीचं हसू नका. ट्रान्सफॉर्मरची घूं घूं रात्री बऱ्याच लांबपर्यंत जाते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झचा तो सूर असतो, आणि एकदा कानात बसला की निघत नाही.

कुणाच्या रानात बसायचं असेल तर मालकाची परवानगी घ्या. ‘शांतता ऐकायला आलोय’ म्हटलं की माणसं आधी बारकाईनं बघतात. पाखरं बघायला आलोय म्हणा. ते खोटंही नाही.

पाचवं: आता ठिकाणं

पितळखोरा माझ्या मते पहिला. कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या हद्दीत, छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे ८० किलोमीटर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची बौद्ध लेणी आहेत, पण अजिंठा-वेरूळला जाणाऱ्या गर्दीतला फार थोडा भाग इकडं वळतो. गाडीरस्ता वर पठारावर संपतो आणि लेणी खाली दरीत. पायऱ्या उतरता तसा वरचा वारा, वरचे आवाज मागं राहतात. दरीच्या भिंती वर सांगितलेला आडोसा तयारच देतात. पावसाळ्यात इथं धबधबा कोसळतो, तेव्हा बोललेलंही ऐकू येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतला आठवड्यातला मधला दिवस उत्तम. खाली उतरल्यावर हत्तींच्या शिल्पांपाशी लगेच फोन काढू नका. आधी पलीकडच्या कड्याकडं तोंड करून पाच मिनिटं नुसतं उभं राहा.

लेण्यांबद्दल एक सांगायला हवं. बेसाल्टचा दगड आवाज गिळत नाही, जवळजवळ सगळा परत फेकतो. त्यामुळं लेण्यात बाहेरचं येत नाही, पण आतलं विरत नाही. तुमची शिंक, चपलेची सरक, बाटलीचं झाकण सगळं घुमतं. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला सुतार लेणं म्हणतात, कमानीखाली कुणी हळू बोललं तरी तो आवाज बराच वेळ रेंगाळतो. शांत बसायला म्हणून चैत्यगृहापेक्षा लहान विहार बरा, आणि विहारातही दाराजवळची ओसरी. वेरूळला जायचंच तर दार उघडताना पोहोचा आणि गर्दीच्या उलट दिशेनं थेट उत्तर टोकाच्या जैन लेण्यांकडं, ३० ते ३४ कडं जा. सगळा लोंढा आधी १६ क्रमांकाच्या कैलासात शिरतो. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. अजिंठ्याला खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडं, फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात. लेण्यांच्या दाराशी हॉर्न वाजत नाहीत, ही त्यातली कमाई. बाकी अजिंठ्याच्या गर्दीत शांततेची आशा धरू नये.

धाराशिव लेणी शहरापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाटच्या घळीत. अर्ध्या दिवसाची सवड असेल त्यांच्यासाठी हे ठिकाण. औसा तालुक्यातलं खरोसाही तसंच, मात्र टेकडी उघडी असल्यानं वारं फार लागतं.

येडशी-रामलिंग घाट अभयारण्याजवळून महामार्ग जातो, रेल्वेही जाते. देवळाच्या परिसरात थांबलात तर काही मिळणार नाही. वनखात्याला विचारून आतल्या बाजूच्या वाटेनं, घाटाची धार मध्ये येईल असं जा. एकटे मात्र नको. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला आहे.

पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्यात मोरांचा आवाज असतोच. ज्याला मोर ओरडल्यावर दचकायला होतं त्यानं जाऊ नये.

किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात मराठवाड्यातली सगळ्यात मोठी सलग झाडी मिळते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानगळ झालेली असते आणि ते सुपाएवढं पान पायाखाली आलं की पापडासारखं मोडतं. एक पाऊल टाकलं की सगळं रान तुमच्याकडं बघतं. त्यापेक्षा पाऊस संपल्यावर, ओलावा टिकून असेपर्यंतचा काळ गाठा. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाण्याच्या दिवसांत नुसता गर्जत असतो. तो वेगळा कार्यक्रम.

नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, लोकांना आश्चर्य वाटतं. एवढं मोठं पाणी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पट्टकदंब आणि रोहित पक्षी, मग शांत असणारच असं वाटतं. पण सपाट पाण्यावरून आवाज फार लांब जातो. पलीकडच्या काठावरची मोटार, दोन माणसांचं बोलणं, सगळं अलीकडं येतं. पाखरांसाठी जरूर जा. शांततेसाठी म्हणून मी पाठवणार नाही.

किल्ल्यांपैकी औसा, उदगीर, परंडा, कंधार गावाला लागून आहेत. नळदुर्गच्या जवळून सोलापूर-हैदराबाद रस्ता जातो. कन्नडकडचा अंतूर आडबाजूला आहे, तेवढा एक जमेत धरा.

सहावं: अंगावर आणि पिशवीत काय

बहुतेक आवाज आपणच बरोबर घेऊन जातो. विंडचीटर घालू नका, हात हलला की तो सरसरतो. सुती कपडे, थंडीत लोकरीचा स्वेटर. कॅरीबॅग नको, कापडी पिशवी. पाण्याची पातळ प्लॅस्टिकची बाटली दाबली की कडकड वाजते, त्यापेक्षा जाड बाटली किंवा छागळ. स्टीलचा डबा आणि त्यात चमचा, म्हणजे चालताना घंटाच. धपाटे फडक्यात गुंडाळून न्या. चिवडा, शेंगा, कुरकुरीत काहीही नको. बसायला घोंगडी. सतरंजीपेक्षा ती जड, वाऱ्यानं उडत नाही, काटे खाली दबतात आणि कूस बदलली तरी वाजत नाही. फोन विमान मोडवर टाका, थरथरणंही बंद करा. खिशातली किल्ल्यांची जुडी काढून रुमालात बांधा.

दुचाकीवरून जाणार असाल तर एक लक्षात घ्या. तासभर ऐंशीच्या वेगानं वारं कानात भरलं की कान काही वेळ मंद होतात आणि बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. हेल्मेट घाला, वेग कमी ठेवा, आणि पोहोचल्यावर अर्धा तास तरी कानांना द्या. एसटीच्या मागच्या सीटवरून आलात तरी तेच.

सातवं: बसायचं कसं

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: यंत्र, माणूस, बाकी सगळं. घड्याळ लावा १५ मिनिटांवर. आवाज आला की त्या रकान्यात वेळ आणि दिशा. ‘९.१२, ट्रॅक्टर, उगवतीकडून.’ ‘९.१४, विमान.’ यंत्राचा आवाज आला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

पहिल्या पाच मिनिटांत वही भरते. सवय नसलेल्या माणसाला वाटतं की इथं तर गोंगाटच आहे. तसं नसतं, एरवी टाकून दिलेले आवाज कान आता उचलायला लागलेला असतो. दहाव्या मिनिटाच्या सुमाराला बारकावे येतात. वाळल्या तुरीच्या शेंगेत हलणारे दाणे, गवतातला एखादा किडा, चंडोल नेमका कुठल्या उंचीवर आहे ते. पाऊण तास बसा. त्यात १५ मिनिटांची एक सलग खिडकी मिळाली तर जागा पास. मिळाली नाही तरी पान टाकू नका. त्यावरून कळतं की अडचण रस्त्याची आहे की मोटारीची. मोटारीची असेल तर तीच जागा दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पुन्हा बघता येते.

फोनवरच्या डेसिबल मापक ॲपवर फार विसंबू नका. फोनचा माईक तिशीच्या खाली नीट मोजत नाही, त्यामुळं सगळ्या शांत जागांचा आकडा सारखाच येतो, आणि वाऱ्याची एक झुळूक माईकवर आदळली की तोच आकडा साठ-सत्तरवर उडी मारतो. ४० च्या वरच्या दोन जागांची तुलना करायला ठीक आहे. त्यापलीकडं वही बरी.

सोबतीला माणूस असेल तर आधीच ठरवा की पाऊण तास बोलायचं नाही, खुणाही नाहीत. दोघांनी पन्नास पावलं अंतरावर, पण एकमेकांना दिसतील असं बसावं. नंतर वह्या ताडून बघा, मजा येते.

ज्यांच्या कानात कायम घूं असा आवाज असतो त्यांना पूर्ण शांततेत तो वाढल्यासारखा वाटतो. त्यांनी वाहत्या ओढ्याकाठची जागा निवडावी.

धोक्याचं थोडक्यात

लेण्यांच्या आणि कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, दगड मारणं, तिन्ही गोष्टी नकोत. माशा उठल्या तर मारत बसू नका, तोंड झाकून लांब पळा. घोणस, फुरसं, मण्यार यांचा हा मुलूख आहे. पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी, घोंगडी टाकण्याआधी जागा झटका. साप चावला तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक काही नको. माणसाला हलू न देता १०८ ला फोन आणि थेट प्रतिसर्पविष मिळेल असं सरकारी रुग्णालय. रेंज नसते म्हणून कुठं जाताय, किती वाजता परत येणार, हे गावातल्या एकाला आणि घरच्या एकाला सांगून जा. अभयारण्यात सूर्यास्तानंतर थांबायचं नाही. पाणी माणशी चार लिटर, उन्हाळ्यात जास्त.

परदेशी जायचंच असेल तर

क्रम तोच ठेवा. हवाई बेटांतल्या माऊईवर हालेआकाला हा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या विवरात वारा नसताना पातळी १० डेसिबलच्या जवळ उतरते. तिथं सूर्योदय बघायला आधी नोंदणी लागते आणि गर्दी त्याच वेळी. तेव्हा सूर्योदय सोडा, दिवसा विवरात उतरणारी वाट धरा. होहचा तो लाल दगड अभ्यागत केंद्रापासून साधारण पाच किलोमीटर चालून गेल्यावर लागतो. क्वाएट पार्क्स इंटरनॅशनल या संस्थेनं २०१९ मध्ये इक्वेडोरमधली झाबालो नदी पहिलं शांत अरण्य म्हणून जाहीर केली. तो कोफान आदिवासींचा मुलूख, जायचं ते त्यांच्याच संगतीनं. खर्च बघता मला त्यांच्या यादीतलं तैपेईजवळचं यांगमिंगशान अधिक पटतं. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत शांत जागा राखता येते, हे बघून आपल्या नगरपालिकांतल्या कुणी काही घेतलं तर बरंच.

परतताना

चांगली जागा सापडली की नकाशावर खूण टाकून सगळ्यांना पाठवायचा मोह होतो. पाठवू नका. ज्याला न्यायचं त्याला सोबत न्या आणि कुठल्या दिवशी, किती वाजता ते समजावून सांगा, कारण नुसतं ठिकाण कळून त्याचा काही उपयोग नाही. ज्याच्या रानात बसलात त्याच्याकडं चहा झालाच पाहिजे. पैसे दिले तर माणसं नाराज होतात, पोरांसाठी वह्या किंवा घरी नेलेलं काही द्या. रिकाम्या बाटल्या, पिशव्या परत आणा.

आणि गाडीचं. आडगावाला संध्याकाळची शेवटची एसटी मुक्कामी असते, म्हणजे ती येते पण परत जात नाही. सकाळी सहा-साडेसहाला तीच पहिली गाडी म्हणून सुटते. त्याच दिवशी परतायचं असेल तर दुपारची फेरी किती वाजता आहे आणि शाळेला सुट्टी असताना ती येते का, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.